सन कोरल उघडीना, मांस मागं सरकायलंय, खाऊ वाढवू का कमी करू?

खारंपाणी_लातूर
नमस्कार मंडळी. माझा ३ फुटी रीफ टँक (प्रवाळाचा खाऱ्या पाण्याचा टँक) आहे, २०० लिटरच्या आसपास, दोन वर्षं झाली. क्लाउनफिशची जोडी, झोआ अन् मश्रूम ही साधी कोरलं, एवढंच होतं. दीड महिन्यापूर्वी पुण्याच्या मित्राने टँक बंद केला अन् त्याचं सन कोरल मला दिलं, नारंगी, मुठीएवढं, पंचवीस-तीस पॉलिप (तोंड अन् शुंडकं असलेले फुलासारखे जीव) असतील. हे उजेडावर जगत नाही, भरवावं लागतं हे माहीत होतं म्हणून रोज रात्री फ्रोझन ब्राइन श्रिंपचा (बारीक खाऱ्या पाण्यातल्या झिंग्यांचा) एक क्यूब टँकमधे सोडायलोय, पण पॉलिप उघडीनातच, अन् आता चार-पाच ठिकाणी मांस मागं सरकून पांढरा सांगाडा दिसायलाय. वरून नायट्रेट ४० वर गेलं, फॉस्फेट ०.३, काचेवर शेवाळ. पाणी बदलावं म्हणलं तर बोअरचा टीडीएस १२००, आरओत एक लिटर मिळवायला तीन लिटर वाया जातं, ते टिपाडात साठवून फरशीला वापरतो, पण लातूरला २०१६ ला रेल्वेनं पाणी आलेलं घरात कुणी विसरलेलं नाही, पाणी ओतायचं म्हणलं की जीवावर येतं. खाऊ कमी करावा तर कोरल मरतंय, वाढवावा तर टँक घाण. काय करू?

रीफवेडा_संभाजीनगर
दादा, तुमचं कोरल दीड महिना उपाशी आहे. क्यूब सोडला की अर्धा क्लाउन खातात, बाकीचा स्किमरमधे (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्रात) अन् दगडाखाली सडतो. सन कोरलच्या अंगात बाकी कोरलसारखं अन्न बनवणारं शेवाळ नसतं, अन् प्रत्येक पॉलिपला स्वतःचं तोंड असतं, एकाने खाल्लं म्हणून पलीकडच्याचं पोट भरत नाही. तीस पॉलिप म्हणजे तीस तोंडं, एकेकाला भरवायचं.

मी असं करतो. प्लास्टिकचा डबा टँकमधेच बुडवून कोरल पाण्याखालीच डब्यात घ्यायचं, हवा लागू द्यायची नाही. डबा बाहेर काढला की विरघळलेल्या खाऊचं दोन चमचे पाणी त्यात टाकायचं अन् पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही. वास लागला की तोंडं फुगायला लागतात, मग शुंडकं बाहेर येतात. पहिले चार-पाच दिवस काहीच झालं नाही तरी वेळ चुकवू नका, रोज एकाच वेळेला करा, त्याला सवय लागते, माझं आता दुपारी चारलाच उघडतं. उघडलं की सिरिंजने एकेका तोंडावर अलगद सोडायचं. अर्ध्या तासाने कोरल परत टँकमधे, डब्यातलं घाण पाणी बाहेर फेकायचं अन् तेवढंच नवीन खारं पाणी भरायचं. लिटरभरात काम होतं, तुमचं पाणीही वाचेल अन् नायट्रेटही उतरेल. ते पाणी झाडाला मात्र घालू नका, खारं असतं.

खाऊ टँकच्या पाण्यात विरघळवून चहाच्या बारीक गाळणीतून गाळून घ्या. दोन चमचे वासाला ठेवून बाकीचं गढूळ पाणी फेका, थोडं फॉस्फेट त्यातही असतं. अन् इतकं उपाशी कोरल एकदम मोठा घास घेत नाही, पहिला आठवडा सायक्लॉप्स (अगदी बारीक फ्रोझन खाऊ) नाहीतर आर्टेमियाची, म्हणजे ब्राइन श्रिंपची, ताजी पिल्लं द्या. अंडी बाटलीत खाऱ्या पाण्यात एअरपंप लावून ठेवली की चोवीस ते छत्तीस तासांत फुटतात. मग मायसिस, म्हणजे जरा मोठे झिंगे.

गोदाकाठ_नांदेड
वरचं सगळं पटतं, एक सोडून. रोज उचलून डब्यात घेताना हात लागतो, अन् मांस आधीच मागं गेलंय तिथं अजून फाटतं. मी बाटलीचा तळ कापून तिचा घुमट कोरलवर ठेवतो, पंप बंद, बुचाच्या तोंडातून सिरिंज. मासे-झिंगे खाऊ पळवत नाहीत. पण तुमचं नायट्रेट ४० असेल तर आत्ता डबाच बरा, नंतर घुमटावर या.

अजून एक, ते काळोखातच ठेवायचं असतं हे खरं नाही. उजेडाने मरत नाही, उजेडात उघड्या सांगाड्यावर शेवाळ चढतं ही अडचण, म्हणून दगडाच्या कडेखाली, चांगला प्रवाह असलेल्या जागी लावा.

उन्हाळ्याचं बघा. टँक २५-२६ डिग्रीला ठेवा. आपली हवा कोरडी, पाण्यावर पंखा लावला तरी दोन-तीन डिग्री उतरतं, पण पाणी उडून खारटपणा वाढतो, रोज साधं आरओ पाणी टाकून खारटपणा (हायड्रोमीटरवर) १.०२५ ला आणा. लाईट गेली तर बॅटरीवरचा एअरपंप लगेच. अन् फ्रीजरमधला खाऊ एकदा विरघळून परत गोठला असेल तर फेकून द्या. बाजारात गोड्या पाण्यातले झिंगे मिळतात, ते अधेमधे चालतील, पण रोजचं खाणं समुद्रातलंच पाहिजे.

प्रवाळमित्र_परभणी
भरवण्याइतकीच महत्त्वाची गोष्ट सांगतो. सन कोरल दिसायला मऊ, पण सांगाडा चुनखडीचा, म्हणजे कठीण प्रवाळच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मधे २००१ पासून सगळे कठीण प्रवाळ अन् समुद्रपंखे पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ आहे त्याच अनुसूचीत. मित्राला ते कुठून आलं विचारा, कागदं असतील ती घ्या अन् वनविभागात जाऊन बोला. तुकडे करून विकणं, कुरियरनं पाठवणं अजिबात नको. आपल्या किनाऱ्यावरचं प्रवाळ कुणी तोडून विकायलंय असं दिसलं तर कितीही देखणं असो, हात लावू नका.

खारंपाणी_लातूर
सगळ्यांचे मनापासून आभार. मित्राला फोन केला, कागदं शोधतो म्हणालाय, सोमवारी वनविभागात जायलोय. आजपासून डबा सुरू. एक विचारायचं राहिलं, एका दुकानदाराने गुलाबी कार्नेशन कोरल दाखवलं, हेही उजेडाशिवाय जगतं म्हणे. हे जमलं तर ते जमेल का?

रीफवेडा_संभाजीनगर
नाही हो, ते आणूच नका. सन कोरलला तोंडात घास देता येतो, डेंड्रोनेफ्थियाला (कार्नेशनचं शास्त्रीय नाव) नाही. ते पाण्यात तरंगणारं अगदी सूक्ष्म शेवाळ खातं, १९९५ मधे लाल समुद्रातल्या अभ्यासात हे दिसलं, अन् त्याला ते जवळपास दिवसभर, वाहत्या पाण्यात लागतं. घरच्या टँकमधे एवढं फायटो (हेच सूक्ष्म शेवाळ) टाकलं तर पाणी टिकत नाही अन् कमी टाकलं तर ते काही महिन्यांत आक्रसून मरतं. मी स्वतः दोन मारलेत, अजून वाईट वाटतं.

खारंपाणी_लातूर
तीन आठवड्यांनी लिहायलोय. पहिले सहा दिवस काहीच नाही, सातव्या रात्री दोन पॉलिप उघडले, मी आईला झोपेतून उठवून दाखवलं. काल अकरा उघडे होते अन् मायसिस अख्खं गिळायलेत. नायट्रेट २० वर आलंय. वनविभागात कागदं दाखवली, त्यांनी अर्ज लिहून घेतलाय, उत्तर यायचंय. उघड्या सांगाड्यावर हिरवं शेवाळ धरलंय, ते काढू का?

गोदाकाठ_नांदेड
लई भारी! मऊ ब्रशने फक्त सांगाड्यावर हलकं घासा, भरवायच्या आधी डब्यातच, म्हणजे निघालेलं शेवाळ टँकमधे जाणार नाही. मांसाच्या कडेला ब्रश लावू नका, तिथूनच नवीन वाढ येते.