मदत हवी आहे: ब्रेझा की अर्टिगा? (शनिवारी टोकन भरायचं आहे)

रानजाई
नमस्कार. सरळच विचारते. मारुतीची ब्रेझा एसयूव्ही घ्यावी की तीन रांगांची अर्टिगा? दोन्ही चालवून पाहिल्या, दोन्ही आवडल्या आणि घरात रोज रात्री तीच चर्चा चाललीये. शनिवारी टोकन भरायचं आहे, कारण गणपतीला गावी नव्या गाडीनेच जायचंय. मला फक्त आतली जागा आणि बसण्याचा आराम याबद्दल सांगा. मायलेज, रिसेल, सेफ्टी रेटिंग सगळं वाचून झालंय, ते नको. लवकर उत्तर द्या प्लीज.

सह्यकडा
ब्रेझा. डोळे मिटून घ्या. भाद्रपदात कोकणातले रस्ते कसे असतात ते सांगायला नको. गाडी जमिनीपासून उंच, चाकं सोळा इंची, पुढचा खड्डा आधीच दिसतो. अर्टिगाला पंधरा इंची चाकं. शिवाय दर दुसरी अर्टिगा भाड्याची असते. स्वतःच्या कष्टाच्या पैशांनी घेतलेली गाडी लोकांनी टॅक्सी समजावी, हे मला तरी मनापासून खटकतं.

मोजपट्टी
रानजाई, माणसं किती? कोणाची वयं काय? लहान मूल असेल तर चाइल्ड सीट आहे का? बजेट? पार्किंग? गाव कुठलं? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग आराम कोणाचा मोजायचा?

रानजाई
माणसं म्हणजे घरातलीच हो. मी, नवरा, मोठी नऊ वर्षांची, धाकटा तीनचा, सासू-सासरे. एरवी शहरात आम्ही चौघंच असतो. गाव कणकवलीजवळ, राहायला पुण्यात. बजेट साडेतेरा ऑनरोड. आता सांगा.

मोजपट्टी
म्हणजे सहा जणं. ब्रेझा पाच जणांची गाडी आहे, अर्टिगा सात जणांची. माझ्या लेखी प्रश्न इथेच मिटला.

तरीही मोजमापं देतो, कारण शोरूममध्ये ती कोणी समजावून सांगत नाही. ब्रेझाची लांबी ३९९५ मिमी, व्हीलबेस २५००. अर्टिगाची लांबी साधारण ४४००, व्हीलबेस २७४०. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अर्टिगात २४० मिमी, म्हणजे जवळजवळ साडेनऊ इंच जास्त. माणसं आणि त्यांचे पाय मावतात ते मुख्यतः याच अंतरात. उंचीत फरक जवळपास नाही, १६८५ आणि १६९०. रुंदीला मात्र ब्रेझा सरस, १७९० विरुद्ध १७३५. त्यामुळे मागच्या सीटवर तीन धिप्पाड माणसं खांद्याला खांदा लावून बसवायची असतील तर एसयूव्ही वाईट नाही. पण तुमच्याकडे अडचण खांद्यांची दिसत नाही, डोक्यांची संख्या जास्त आहे.

सह्यकडा
प्रश्न मिटला कसा? वर्षातून एकदा-दोनदा सहा जणं जाणार. तीन वर्षांचं पोर आजीच्या मांडीवर बसतं. आमच्याकडे सगळी मुलं अशीच वाढली.

मोजपट्टी
हे कृपया कोणी मनावर घेऊ नका. अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचं मूल कोणालाही हातांनी धरून ठेवता येत नाही, आजीला तर नाहीच. आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट सक्तीची आहे, नाहीतर हजार रुपये दंड. दंड भरून सुटता येतं, पण मला दंडाची काळजी नाही.

घाटवाट
मोजपट्टींशी सहमत, पण दुसरी बाजूही ऐका. तिसरी रांग म्हणजे मागच्या चाकांच्या डोक्यावर बसणं. खालची जमीन उंच असल्यामुळे गुडघे छातीकडे येतात, मांड्यांना टेकू मिळत नाही. आमच्या एका सात सीटरमध्ये मी मागे बसून फोंडा घाट उतरलोय, पोटातलं सगळं घुसळून निघालं. नऊ वर्षांच्या मुलीला उंचीचा त्रास होणार नाही, पण गाडी लागते का तिला? लागत असेल तर आवळासुपारी जवळ ठेवा, पुस्तक आणि मोबाइल बंद, नजर लांब रस्त्यावर.
अवांतर: कणकवलीला फोंड्यानेच जाता ना? की गगनबावड्याने?

सह्यकडा
गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडीला उतरावं. फोंड्याकडे जाणारा राधानगरीचा रस्ता पावसात निसरडा असतो.

घाटवाट
राधानगरीच्या रस्त्याला नावं ठेवू नका. निसरडे दोन्ही असतात, पण दाजीपूरच्या जंगलातून जाताना जीव निवतो.

जर्सीकर
आमच्याकडे अमेरिकेत आधी होंडाची सीआर-व्ही एसयूव्ही होती, नंतर टोयोटा सिएना ही मिनिव्हॅन घेतली. आई-बाबा भारतातून येतात तेव्हा फरक जाणवतो. दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे, बटण दाबलं की उघडतात. शेजारच्या गाडीला दार आपटत नाही, आईला खाली वाकावं लागत नाही आणि मुलांना उभ्या-उभ्या पट्टा लावता येतो. २०२१च्या मॉडेलपासून ती फक्त हायब्रिडच मिळते. मात्र मधल्या सीटा काढता येत नाहीत, त्या काढायच्या असतील तर होंडाची ओडिसी. एकदा मिनिव्हॅनची सवय झाली की एसयूव्हीत बसवत नाही.

रानजाई
जर्सीकर, सिएना इथे मिळत नाही. सरकत्या दारांची कार्निव्हल आणि वेलफायर आमच्या बजेटच्या कितीतरी पलीकडे. आणि घाटाचं भांडण वेगळ्या धाग्यावर करा ना, माझा शनिवार जवळ येतोय.
मुलीला गाडी लागत नाही. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांना उंच गाडीत चढणं सोपं जातं असं आमचे हे म्हणतात, म्हणून तर ब्रेझाचा विचार. आणि पार्किंगमध्ये मागे भिंत, पुढे खांब.

शमा_फिजिओ
गुडघ्यांची गोष्ट आधी सांगायला हवी होती हो! उंच म्हणजे सोपी, असं सरसकट नसतं. सीटची गादी साधारण त्यांच्या नितंबांच्या उंचीला यायला हवी. फार खाली असली तर उठताना गुडघ्यांवर भार येतो, फार वर असली तर एका पायावर तोल सावरत चढावं लागतं, आणि तेच नवीन गुडघ्यांना नको असतं. बसवताना आधी पाठ गाडीकडे, गादीवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. यासाठी दार जितकं जास्त उघडेल आणि समोर जितकी मोकळी जागा असेल तितकं बरं.
आत बसल्यावर पाय किती लांब करता येतो तेही बघा. तासन् तास गुडघा एकाच कोनात राहिला की सूज येते. मधली रांग मागे सरकवता येणारी गाडी त्यांच्यासाठी चांगली. आणि सासूबाईंना घेऊनच शोरूमला जा, त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी बसून बघू नका.

चिंचोळी_गल्ली
मागे भिंत, पुढे खांब? मग रेनॉची ट्रायबर, तीन रांगांची! लांबी चार मीटरच्या आत, तरी व्हीलबेस ब्रेझापेक्षा जास्त. तिसऱ्या रांगेच्या सीटा चक्क काढून घरात ठेवता येतात, मग ६२५ लिटरची डिकी मिळते. बजेटमध्येही पैसे उरतील. लोक या गाडीकडे बघतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

मोजपट्टी
ट्रायबरमधली जागेची आखणी हुशारीची आहे, मान्य. पण एक लिटरचं, ७२ पीएस ताकदीचं इंजिन, सहा जणं, सामान आणि एसी लावून घाट? आणि तिन्ही रांगा उभ्या केल्या की डिकी फक्त ८४ लिटर. गणपतीचं मखर कुठे ठेवणार?

चिंचोळी_गल्ली
मखर टपावर. आम्ही तसंच नेतो. घाट दुसऱ्या गिअरमध्ये आरामात चढते, घाई कोणाला आहे?

घाटवाट
पावसात मखर टपावर? ताडपत्री कितीही घट्ट बांधली तरी पाणी शिरतं.

मोजपट्टी
रानजाई, आता बसण्याची रचना सांगतो. अर्टिगाची मागची रांग अर्धी-अर्धी दुमडते. सासरे पुढे. मधल्या रांगेत एका खिडकीला चाइल्ड सीट, दुसऱ्या खिडकीला सासूबाई, मध्ये तुम्ही. मुलगी तिसऱ्या रांगेत एका बाजूला, दुसरी बाजू दुमडून सामान. सगळ्या सीटा उभ्या असताना डिकी २०९ लिटर आहे, पण अर्धी रांग पाडली की मखर, बॅगा आणि येताना नारळ-तवशी यांची सोय होते.
एक गोष्ट नक्की तपासा. चाइल्ड सीट लावलेल्या बाजूची मधली सीट पुढे घेता येणार नाही. म्हणजे मुलीला मागे जायची वाट सासूबाईंच्या बाजूने राहील आणि दर थांब्यावर त्यांना आधी उतरावं लागेल. नाहीतर तुम्ही खिडकीला बसा आणि त्यांना मध्ये घ्या, पण मधली जागा त्यांना सोसेल का ते त्यांनाच विचारा.
पार्किंग आजच मोजा. भिंतीपासून खांबापर्यंत नुसते ४४०० मिमी असून भागत नाही, डिकीचं दार वर उघडायला मागे जागा लागते.

रानजाई
सगळ्यांचे आभार, आज सासूबाईंना नेऊन आलो. ब्रेझात मागे बसताना त्यांचा गुडघा पुढच्या सीटच्या पाठीला टेकला, उतरताना पाय वळवायला जागाच मिळेना. अर्टिगात मधली सीट मागे सरकवली तेव्हा त्या शमाताईंनी सांगितलं तशा बसल्या, वरचं हँडल धरलं आणि पाय सरळ केले. मग "मला इथेच बसू दे जरा" म्हणाल्या आणि सेल्समन बोलत होता तोवर उतरल्याच नाहीत. खिडकीची जागा त्यांनाच हवी आहे, मुलगी मागच्या रांगेत चढताना त्या उतरायला तयार आहेत. मला ते पटलेलं नाही, म्हणून मुलीला आधी डिकीच्या बाजूने चढवता येतं का बघतोय.
पार्किंग ४६८० मिमी भरलं. गाडी उलटी लावून डिकी खांबाच्या बाजूला ठेवायची, खांबाच्या शेजारून दार उघडेल असं दिसतंय.
आता शेवटचं. अर्टिगा सीएनजी घेऊ की पेट्रोल? रोजचं ऑफिस येऊन-जाऊन तीस किलोमीटर.

सह्यकडा
घेताय तर घ्या, पण मागच्या काचेवर 'खाजगी' असं मोठं लिहून घ्या.

मोजपट्टी
डिकीतून मुलीला चढवू नका. मागे सीटची पाठ आडवी येते, सामान असतं आणि रस्त्याकडेला थांबलात तर मागून वाहनं येतात. चाइल्ड सीट उजवीकडे लावा म्हणजे चढ-उतार फुटपाथच्या बाजूने होईल. सासूबाईंना उतरावं लागेल, पण शमाताई म्हणतात तसे पाय मोकळे होतील.
रोजच्या तीस किलोमीटरला सीएनजी परवडतो, पण टाकी डिकीत येते आणि मागची रांग उभी असताना सामानाला जवळजवळ काही उरत नाही. तुम्ही आतल्या जागेसाठी ही गाडी घेताय, तेव्हा पेट्रोल घ्या. आणि गणपतीला निघताना ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर बघून भरल्या गाडीसाठी सांगितलेला टायरमधल्या हवेचा दाब ठेवा.

घाटवाट
आणि फोंड्यानेच जा.