गोळी तीच, विकर वेगळं
कोडीन या दुखण्यावरच्या गोळीने भावाचं दुखणं थांबलं, मला काडीचाही फरक नाही, म्हणजे माझं दुखणं मनाचंच का, असं एकाने विचारलंय. अजिबात नाही! कोडीन स्वतः फारसं वेदनाशामक नाहीच. यकृतातलं सीवायपी२डी६ हे विकर (एन्झाइम, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) त्यातल्या थोड्या भागाचं मॉर्फिन करतं आणि खरा उतार पडतो तो त्याने. काहींच्यात हे विकर जन्मतःच काम करत नाही; गोळी घेऊनही ठणका तसाच. काहींच्यात ते इतकं वेगवान, की नेहमीच्या डोसनेही श्वास मंदावू शकतो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊ नये असं बजावलं, ते यामुळेच. तेव्हा मनाने डोस वाढवू नका, कृपया. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आणि नैराश्यावरचं पॅरॉक्सेटिन चालू असेल तर तेही. ते हेच विकर अडवतं.