किचनच्या ड्रॉवरची मापं कशी ठरवायची? सगळे ४५० मिमीचे घ्यावेत की मोठे?

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार मंडळी. आमचा फ्लॅट कोथरूडला, बिल्डिंग जुनी, किचनमध्ये अजून कडप्प्याचा ओटा आहे आणि खाली ट्रॉल्या, त्यांचे चॅनल (सरकायच्या पट्ट्या) गंजून गेलेत, एक ट्रॉली तर दोन्ही हातांनी ओढावी लागते. दिवाळीनंतर सगळं काढून नवीन करायचं ठरलंय.

ओटा एल आकाराचा, लांब बाजू २९०० मिमी, छोटी बाजू १८३० मिमी, छोट्या बाजूला खिडकीखाली सिंक. डिझायनरने ड्रॉइंग दिलंय त्यात लांब बाजूचे कोपऱ्याकडचे ६५० सोडून उरलेल्या २२५० मध्ये ४५० ची पाच युनिट काढलीत, प्रत्येकात तीन ड्रॉवर, सगळ्यांची उंची सारखी, २४०. थ्रीडीत दिसायला फार छान दिसतंय पण मला कुठला ड्रॉवर कशासाठी ते काही केल्या कळत नाहीये, विचारलं तर म्हणाले नंतर बास्केट आणि ऑर्गनायझर टाकू त्यात सगळं बसतं.

घरात आम्ही चौघं. सासूबाई ७२ वर्षांच्या, गुडघ्यांचा त्रास आहे पण सकाळचा स्वयंपाक अजून त्याच करतात, त्यामुळे खाली वाकून कपाटात शोधणं नको हे पक्कं. रोज पोळ्या, वरण-भात, दोन भाज्या. गणपतीत पंधरा-वीस माणसं जेवायला. स्टीलची भांडी भरपूर, डाळी-तांदूळ वर्षाचे नाही पण दोन-तीन महिन्यांचे भरतो.

तर मापं ठरवायची कशी? आधी युनिट ठरवायचं की आधी भांडी? ज्यांनी स्वतः लक्ष घालून करून घेतलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

रंधा_सातारा

ताई, आधी भांडी, मग ड्रॉवर, मग युनिट. मी गेली बरीच वर्षं किचनचंच काम करतो आणि पाच सारखी युनिट दिसली की मला समजतं की कारखान्यातलं कटिंग सोपं व्हावं म्हणून काढलंय, स्वयंपाक करणाऱ्याला विचारून नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, युनिटचं माप आणि ड्रॉवरच्या आत मिळणारं माप यात खूप फरक असतो. ४५० चं युनिट धरा. दोन्ही बाजूंना १८ मिमी प्लाय, म्हणजे आत राहिले ४१४. साधा टेलिस्कोपिक चॅनल प्रत्येक बाजूला १३ मिमी जागा घेतो, म्हणजे ३८८. ड्रॉवरच्या खोक्याला १२ मिमी प्लायच्या दोन बाजू, उरले ३६४. म्हणजे ४५० म्हणून तुम्ही पैसे देणार आणि हातात येणार सव्वाचौदा इंच. १२ इंची ताटांची एक चवड बसली की बाजूला वाटीसुद्धा जात नाही. घरातली परात मोजा, १६ इंची असेल तर विषयच संपला.

आता त्याच हिशोबाने ९०० चं युनिट, ८६४, मग ८३८, मग ८१४. बत्तीस इंच. दोन ताटांच्या चवडी आणि शेजारी वाट्या, छोट्या डिश. तुमची २२५० ची लांबी ९०० + ९०० + ४५० अशी बरोबर बसते बघा. पाच युनिटमध्ये आतली रुंदी मिळून १८२० मिळते, तीन युनिटमध्ये १९९२. १७२ मिमी, जवळजवळ सात इंच, त्याच भिंतीत, कारण मधल्या फळ्या आणि चॅनल कमी झाले. शिवाय पंधरा ड्रॉवरच्या जागी आठ-नऊ लागतात, त्यामुळे चॅनलचा खर्च वाचतो आणि तोच पैसा चांगल्या चॅनलला लावता येतो.

९०० च्या पुढे मात्र जाऊ नका, तळ झोळ धरतो. ९०० लाही ६ मिमीचा तळ चालणार नाही, १२ चा टाकायला सांगा आणि तो चारही बाजूंनी खाचेत बसवायला सांगा, नुसता खालून खिळे मारून नको. काटकसर इथेच करतात आणि ती वर्षभरात दिसते.

उंची. तुमचं खोकं ७२० चं दिसतंय (२४० गुणिले ३). तिन्ही सारखे केले की वरचा चमच्यांसाठी नको तितका खोल आणि खालचे दोन कुकरला कमी. फ्रंट (पुढची फळी) २४० चा असला तरी आत उभी जागा साधारण १९०-२०० च मिळते. आमच्या घरचा पाच लिटरचा कुकर झाकण-शिट्टीसकट साडेआठ इंच भरतो, म्हणजे २१५ च्या वर. नाही बसणार. त्याऐवजी १४४ + २८८ + २८८ करा, बेरीज ७२०. वरच्या १४४ मध्ये साडेतीन इंच मिळतात, चमचे, डाव, उलथनं, झारा, चिमटा, किसणी, लाटणं, सगळं आडवं बसतं. २८८ मध्ये साडेनऊ इंचांपर्यंत मिळते, कुकर आणि खोल पातेली आरामात.

मोजताना भांडं झाकणासकट, दांड्यासकट मोजा. कुकरची लांबी दांड्यामुळे वाढते आणि ड्रॉवरची आतली खोली ५०० च्या चॅनलला ४७५ च्या आसपासच असते. एक कागद घ्या, घरातलं प्रत्येक मोठं भांडं, लांबी रुंदी उंची, आणि पुढे रोज की सणाला ते लिहा. मग ड्रॉवर काढू.

वैशाली_ठाणे

दादांनी मापाचं अगदी बरोबर सांगितलंय, मी वापराचं सांगते कारण आमच्याकडेही सासूबाई आहेत आणि त्यांच्यासाठीच मी ड्रॉवरचा हट्ट धरला होता.

मृण्मयी, ओट्यासमोर उभं राहून रोज काय लागतं ते बघ गं. आमच्याकडे शेगडीच्या खालच्या ९०० मध्ये सगळ्यात वर डाव-पळ्या-चिमटा आणि मिसळणाचा डबा. मिसळणाचा डबा झाकण ठेवून मोजून घे बरं का, आमचा स्टीलचा तीन इंचाला जरा कमी आहे म्हणून वरच्या ड्रॉवरमध्ये गेला, काहींचे उंच असतात. त्याखालच्यात कढया, तवे, कुकर, रोजची दोन पातेली. म्हणजे शेगडीपुढून पाऊल न हलवता फोडणी होते. तवे उभे ठेवायला आत प्लायच्या दोन उभ्या पट्ट्या मारून घेतल्या, एकावर एक ठेवले की खालचा काढायला सगळे उचलावे लागतात आणि बिडाचा तवा म्हाताऱ्या माणसाच्या हाताला किती जड होतो ते तुला माहितीच असेल.

पोळपाट-लाटणं आणि कणकेचा डबा एकाच जागी ठेव. कणकेचा डबा खालून दुसऱ्या ड्रॉवरमध्ये, ज्या बाजूला त्या पोळ्या लाटतात त्याच बाजूला. आमच्या सासूबाईंचं अर्धं वाकणं एवढ्यानेच वाचलं.

ताटं वरच्या कपाटात ठेवू नकोस. स्टीलची दहा-बारा ताटं वरून काढणं त्या वयात नकोच. मधल्या ड्रॉवरमध्ये कंबरेच्या उंचीला. आणि सणाची भांडी, पुरणयंत्र, सोऱ्या, मोठी पातेली, मोठी परात, ही वरच्या लॉफ्टवर गेली तरी चालतात, ती काढायला घरात दुसरं कोणीतरी असतंच.

डाळी-तांदळासाठी ४५० चं युनिट ठेव, त्यात तीन नाही, दोनच ड्रॉवर, ३६० + ३६०. आत बारा इंच उंची मिळते, पाच किलोचे उभे डबे बसतात. झाकणांवर नावं लिही, वरून बघितलं की तूरडाळ कुठली नि मूगडाळ कुठली लगेच दिसतं, मागचे डबे काढायला पुढचे हलवावे लागत नाहीत. ट्रॉल्यांच्या काळात आम्हाला मागे राहिलेल्या डब्यात कायम पोरकिडे सापडायचे.

एक मात्र, चॅनल फुल एक्स्टेन्शनचाच घे. काही जण पाऊण उघडणारा लावतात, मग मागचा चतुर्थांश भाग आत अंधारात राहतो आणि ड्रॉवर घेण्याचा फायदाच जातो.

डोंबिवली_पश्चिम

बजेट कमी असेल तर कडप्प्याचा ओटा ठेवूनही काम होतं, आम्ही तसंच केलं. उभे कडप्पे ओळंब्यात नसतात म्हणून प्रत्येक गाळ्याची रुंदी वर, मध्ये, खाली आणि पुढे-मागे मोजायची आणि सगळ्यात कमी येईल ती धरायची. तयार बास्केट ४, ६, ८ इंच उंचीच्या मिळतात. दुकानदार लोहचुंबक लावून ३०४ (चांगल्या ग्रेडचं स्टील) आहे म्हणून दाखवतो त्यावर जाऊ नका, २०२ या हलक्या ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. आणि तारेच्या बास्केटमध्ये चमचे-वाट्या खाली पडतात, त्यासाठी पत्र्याचा भोकाभोकांचा तळ असलेली घ्या.

मृण्मयी_कोथरूड

खूप खूप आभार सगळ्यांचे, काल संध्याकाळी सासूबाई आणि मी टेप घेऊन बसलो. कुकर पावणेनऊ इंच, मोठी परात साडेसतरा इंच, म्हणजे ४५० मध्ये ती गेलीच नसती. सासूबाईंना ३६० + ३६० फार आवडलं.

अजून दोन गोष्टी. शेगडी वर ठेवायची तीन बर्नरची साधी आहे, हॉब (ओट्यात कापून बसवलेली) नाही, आणि पाइपचा गॅस आहे. आणि छोट्या बाजूला सिंकशेजारी डिशवॉशरची जागा ठेवायची आहे, आत्ता घेणार नाही पण वर्षभरात घेऊ. ६०० जागा सोडली की झालं ना?

रंधा_सातारा

ताई हॉब नाही हे बरं झालं, कारण हॉबचं अंग ग्रॅनाइटच्या खाली चार-पाच इंच उतरतं आणि वरचा १४४ चा ड्रॉवर मारला जातो, तिथे नुसता खोटा फ्रंट लावावा लागतो. शेगडी वर ठेवणार तर तुमचा ड्रॉवर वाचला. फक्त गॅसचा वॉल्व ड्रॉवरच्या मागे गाडू देऊ नका, हात सहज पोचेल आणि रबरी नळी दिसेल अशीच ठेवा. हे वाचणाऱ्या कोणाकडे सिलिंडर ओट्याखाली असेल तर त्या गाळ्याच्या दाराला खालून जाळी किंवा भोकं हवीतच, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साठतो.

डिशवॉशरचं मात्र फक्त रुंदीवर जाऊ नका. छोटी बाजू १८३०, कोपऱ्याचे ६०० गेले, उरले १२३०. सिंकचं युनिट ६०० केलं की ६३० राहतात, रुंदीला चांगली जागा. अडचण उंचीची आहे. तुमचं ७२० चं खोकं, खाली १०० पाय, वर १२ चा प्लाय आणि २० चं ग्रॅनाइट, ओटा झाला ८५२. ग्रॅनाइटच्या खाली प्लाय न घेताही ८३२ च मिळतात आणि सुटा उभा डिशवॉशर साधारण ८४५ असतो. थोडक्यासाठी अडकतो. काही मॉडेलचं वरचं झाकण काढता येतं, मग बसतो, किंवा ओट्याखाली बसणारा ८१५-८२० चा घ्यायचा. नाहीतर ओटा ३५ इंच करा, पण तो निर्णय मशीनवरून नको. सासूबाईंना पोळ्या लाटायच्या उभं करा, कोपर वाकवून कोपरापासून खाली चार ते सहा इंच मोजा, ओटा तिथे हवा. त्यांना साडेतेहतीस इंच जमत असेल तर ८५२ वर थांबा आणि मशीन त्या उंचीत बसणारं शोधा. पाण्याचा नळ, ड्रेन आणि १६ अँपिअरचा पॉइंट सिंकच्या युनिटमध्ये काढून घ्या, मशीनच्या मागे नको, मागे काढला तर मशीन पुढे येतं.

कोपऱ्याचंही सांगतो. ६५० मध्ये ५० चा फिलर (मोकळी जागा झाकणारी पट्टी) धरलेला दिसतोय. छोट्या बाजूचं हॅन्डल किती बाहेर येतं ते आधी ठरवा, कारण कोपऱ्याशेजारचा ९०० चा ड्रॉवर त्याच्या समोरून उघडणार. मोठं हॅन्डल घेतलं तर फिलर ७५ करा आणि ती २५ मिमी ४५० च्या युनिटमधून काढा, ९०० मधून नाही. आणि बिनहॅन्डलचं प्रोफाइल (बोटं घालून ओढायची खाचेची पट्टी) कोणी सुचवलं तर लक्षात ठेवा की ते प्रोफाइल ड्रॉवरची उंची खातं, तुमचा पावणेनऊ इंचाचा कुकर परत मोजायला लागेल.

मालवणी_माणूस

प्लायबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. सिंकच्या युनिटला तरी आयएस ७१० (भारतीय मानक) चा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लाय घ्या, फळीवर शिक्का बघून. आमच्याकडे पावसाळ्यात हवेनेच पार्टिकल बोर्डाच्या कडा फुगतात, पुण्यात तितकं नाही, पण सिंकखाली पाणी सगळीकडे सारखंच. ड्रॉवरच्या खोक्यांना बीडब्ल्यूआर (त्याखालचा, पाणी बऱ्यापैकी सोसणारा) चालतो. कापलेल्या प्रत्येक कडेला एजबँड (कडेवर चिकटवायची पट्टी) लागलाय का ते बसवायच्या आधी हात फिरवून बघा, मागच्या न दिसणाऱ्या कडांना सुद्धा.

मृण्मयी_कोथरूड

डिझायनरला आज हे पाठवलं: कोपऱ्यापासून ९०० (१४४ + २८८ + २८८) ताटं-वाट्या-परात, मग शेगडीखाली ९०० (तसंच), मग ४५० (३६० + ३६०) धान्य. फिलर ७५ लागला तर धान्याचं युनिट ४२५. सिंक ६००, शेजारी ६३० मोकळे. ते म्हणाले ९०० चा धान्याइतका जड ड्रॉवर चॅनल झेपणार नाही.

रंधा_सातारा

धान्य तुम्ही ९०० मध्ये ठेवतच नाही आहात, ते ४५० मध्ये आहे, हे त्यांना दाखवा. ९०० मधलं वजन असं बघा, बारा स्टीलची ताटं सहा-सात किलो, वाट्या-पेले चार-पाच, परात दोन. पंधराच्या आत. शेगडीखाली बिडाचे तवे आणि कढया धरून वीस-पंचवीस. चांगला टेलिस्कोपिक चॅनल ३५ ते ४५ किलोचा येतो. धान्याच्या खालच्या ड्रॉवरला मात्र ४५ चाच मागा, तिथे तीस किलो सहज होतात. ४२५ झालं तर आत ३३९ राहतील, डबे विकत घ्यायच्या आधी व्यास बघा, साडेसहा इंचांपर्यंतचे दोन शेजारी शेजारी बसतील, सात इंची नाही.