शब्दचर्चा : पूर्वग्रह, अभिनिवेश, अढी

गंगापूर रोडला आमच्याकडे दर रविवारी सकाळी सात-आठ जण ज्ञानेश्वरी वाचायला जमतात. परवा एकीने विचारलं, "वाचताना आपला बायस मध्ये येतो, त्याला मराठीत काय म्हणायचं?" तिघं एकदम म्हणाले, पूर्वग्रह. शब्द बरोबरच आहे, पण मला तेव्हापासून खटकतोय, म्हणून इथे मांडते.

हा शब्द रोजच्या बोलण्यात येतो कसा? "त्यांचा आमच्याबद्दल पूर्वग्रह आहे." पूर्वग्रहदूषित दृष्टी नेहमी समोरच्याची. स्वतःसाठी तो वापरलाच तर मागे 'नाही' लावून : "माझा काही पूर्वग्रह नाही, पण..." आणि त्या 'पण'च्या मागून तो बाहेर येतोच.

ग्रह् म्हणजे धरणे, पकडणे. आकाशातले ग्रह, चंद्राला लागतं ते ग्रहण, आग्रह, अनुग्रह ही सगळी त्याच घरातली. जुनी माणसं नुसतंच म्हणत, "माझा असा ग्रह झाला होता." त्यात कबुली होती, आपण काहीतरी धरून बसलो होतो याची. 'पूर्व' लागला आणि कबुलीचा आरोप झाला असं मला वाटतं. (त्र्यंबकला ग्रहशांतीसाठी कुठून कुठून लोक येतात. पूर्वग्रहशांती अजून कोणी काढलेली नाही.)

अभिनिवेश जास्त जवळचा वाटतो. मराठीत अभिनिवेशाने बोलणं म्हणजे बाजू घेऊन तावातावाने बोलणं. पण पतंजलींच्या योगसूत्रांत मनाला छळणारे जे पाच क्लेश सांगितलेत त्यांत तो शेवटचा, आणि तिथे अर्थ जिवाला चिकटून राहणं, मरणाचं भय. तो विद्वानालाही सुटत नाही, असं सूत्रातच आहे. हे दोन अर्थ मला फार लांबचे वाटत नाहीत. एखाद्या ओवीचा मी लावलेला अर्थ कोणी खोडला की माझा आवाज चढतो, तेव्हा जिवावरच बेतल्यासारखं होत असतं.

आता घरातलं उदाहरण. आजोबांची ज्ञानेश्वरी माझ्याकडे आहे. त्यांचा वाडा पंचवटीत, काळाराम मंदिरापासून चार पावलांवर. शिसपेन्सिलीने खुणा करत वाचायची त्यांना सवय. तिसऱ्या अध्यायात "स्वधर्मु जो बापा । तोचि नित्ययज्ञु जाण पां" या ओवीखाली ठसठशीत दुहेरी रेघ आहे. नवव्यातली "म्हणौनि कुळ जाति वर्ण । हें आघवेंचि गा अकारण" ही ओवी मात्र कोरी. २ मार्च १९३० ला त्याच मंदिराच्या दारात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. (त्याही शब्दात ग्रह आहेच.) आजोबा तेव्हा विशीतले. मी बरीच वर्षं ही कोरी ओवी आल्यागेल्याला दाखवत असे, जरा ऐटीतच.

परवाच्या प्रश्नानंतर माझी स्वतःची प्रत काढली. नवव्या अध्यायाचं ते पान पिवळ्या हायलायटरने भरलेलं. तिसरा अध्याय जवळजवळ कोरा. जिथे स्वधर्म आला तिथे मी भराभरा पानं उलटलेली दिसतात. ज्ञानेश्वरीत स्वधर्म म्हणजे वाट्याला आलेलं विहित कर्म. आज कानाला धर्म म्हटलं की एकदम दुसरंच काही ऐकू येतं, आणि मी तेच ऐकून पान उलटलं होतं. बरं, विहित कर्म म्हटल्याने माझी अडचण संपत नाही. ते कोणी ठरवायचं हा प्रश्न उरतोच. पण तो विचारायला आधी ओवी वाचायला हवी होती.

तर मी सुचवते, अढी. "मनात अढी बसली." आंब्याचीही अढीच, तिथे गवतात झाकलेलं फळ आतल्या आत पिकतं, तसंच हे मनातलं. आपल्या नाशिकच्या द्राक्षांना ती सोय नाही, तोडल्यावर ती पिकत नाहीत.

प्रतिसाद : अढी माणसाविषयी असते. ओवीविषयी कशी असेल? आणि अढीत नावडच तेवढी येते. लाडक्या ओवीला दहा वेळा अधोरेखित करणं त्यात कुठे बसतं?

प्रतिसाद : क्रियेसाठी मराठीत 'ओढूनताणून अर्थ लावणे' आहेच. एकनाथांनी शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हाही लोक मूळ पाठात आपल्या ओव्या घुसवत होते. त्यांच्यासाठी नाथांचा शब्द नरोटी : ज्ञानेश्वरीच्या पाठात जो आपली ओवी करील त्याने "अमृताचे ताटीं जाण नरोटी ठेविली". आपण ओवी लिहीत नाही, पण अर्थाची नरोटी ठेवतोच की.

नरोटी झकास! ताटात अमृत आणि त्यात आपली करवंटी. पण पहिल्या प्रतिसादातलंही खरं आहे, आवडीची पकड अढीत येत नाही. तिथे मला परत नुसत्या 'ग्रह'कडेच जावं लागतंय.

आणखी एक. हे लिहून झाल्यावर आजोबांची प्रत परत उघडली, या वेळी खिडकीशी. उजेड तिरपा पडला तेव्हा दिसलं, नवव्यातली ती ओवी कोरी नाही. तिच्याखाली रेघ ओढून नंतर खोडलेली आहे. शिसाचा रंग गेलाय, कागदावरची खाच तेवढी उरलीय. कोणी खोडली, त्यांनीच की घरातल्या दुसऱ्या कोणी, हे आता विचारायला कोणी नाही. रविवारी ती प्रत सगळ्यांना दाखवायला नेणार आहे.