मदत हवी आहे : बाबा बागेत पडले, घड्याळाने कळवलेच नाही

दाभोळखाडी : माझे वडील (वय ७४) गुहागरजवळ एकटे राहतात. गेल्या मंगळवारी ते पोफळीच्या बागेत शेवाळलेल्या पाटावर घसरून पडले आणि शेजारच्या काकूंना हाक ऐकू येईपर्यंत पाऊण तास तिथेच बसून होते. ते पडले तर मला लगेच कळेल, या भरवशावर मी त्यांना स्मार्ट घड्याळ दिले होते, पण काहीच आले नाही. कोणते सेटिंग बदलू? कृपया लवकर सांगा.

माडाचीसावली : घड्याळ कोणते, त्यात सिम आहे का आणि पडले तेव्हा फोन कुठे होता? पडणे ओळखण्याची सोय सगळ्याच घड्याळांत नसते. अनेक स्वस्त घड्याळे पावले, झोप आणि नाडी एवढेच मोजतात.

हापूस७१ : ईसीजी काढणारे घड्याळ घ्या. माझ्या आईच्या ठोक्यांतली अनियमितता त्यामुळेच वेळेत लक्षात आली.

माडाचीसावली : आपल्या आईंना उपयोग झाला याचा आनंद आहे, परंतु पडण्याशी ईसीजीचा संबंध नाही आणि घड्याळाच्या ईसीजीवरून हृदयविकाराचा झटकाही ओळखता येत नाही.

दाभोळखाडी : सोय आहे, मी स्वतः चालू केली होती. सिम नाही. फोन नेहमीप्रमाणे पडवीत खुंटीवरच्या पिशवीत होता.

माडाचीसावली : मग सेटिंगचा दोष नाही. हाताला बसलेला हिसका आणि त्यानंतरची निश्चलता यांवरून घड्याळ पडणे ओळखते, पण सिम नसेल तर निरोप फोनमार्फतच जातो. ब्लूटूथ साधारण १० मीटर पोचते, आणि मध्ये जांभ्याची भिंत आली की त्याहूनही कमी.

खारावारा : समुद्राकाठी जात असतील तर घड्याळ गोड्या पाण्याने धुवायला सांगा, मीठ साचते.

हापूस७१ : सिमवाले घ्या, म्हणजे फोनची कटकटच नको.

माडाचीसावली : आधी बागेत रेंज आहे का ते पाहावे, ती नसेल तर सिमवाले घड्याळही मुकेच राहील.

दाभोळखाडी : काकूंनी पाहिले : पाटाजवळ एक काडी येते, विहिरीकडे दोन. बाबांच्या बंडीला आतून फोनपुरता खिसा शिवून घेतो. चाचणी कशी करू? गादीवर घड्याळ आपटून काही झाले नाही.

माडाचीसावली : आपटून पाहू नका. फोन खिशात ठेवून बाबांना पाटापर्यंत जाऊ द्या आणि तिथून घड्याळावरून आपल्याला फोन लावायला सांगा.