कॉन्स्टेबलची मोठी निसर्गचित्रे खरोखर उघड्यावर रंगवलेली आहेत का?

अंबाझरीकर

आमचा हौशी चित्रकारांचा एक छोटा गट रविवारी सकाळी नागपूरच्या अंबाझरी किंवा फुटाळा तलावाच्या काठी बसून जलरंगात निसर्गचित्रे करतो. गटातील एका ज्येष्ठ सदस्यांचा आग्रह असा, की जागेवर सुरू झालेले चित्र जागेवरच पूर्ण व्हावे. घरी नेऊन त्यावर पुन्हा हात फिरवणे म्हणजे निसर्गाशी प्रतारणा. याला आधार म्हणून ते जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराचे नाव घेतात. ‘द हे वेन’ची छापील प्रत मी पाहिली आहे. सुमारे सहा फूट रुंदीचा कॅनव्हास नदीकाठी उभा करून, डोक्यावरचे ढग क्षणाक्षणाला बदलत असताना ते चित्र पूर्ण केले असेल, हे मला पटत नाही. शिवाय त्याने नुसत्या आकाशाचीही कितीतरी चित्रे केली म्हणतात. ती कशासाठी केली असावीत? जाणकारांनी कृपया सांगावे.

रंगपेटी

आपली शंका रास्त आहे. ‘द हे वेन’ लंडनच्या स्टुडिओत, 1820-21 च्या हिवाळ्यात रंगवले गेले. चित्रात मात्र सफोकमधील स्टूर नदीकाठची उन्हाळी दुपार आहे. 1821 मध्ये रॉयल अकादमी या लंडनच्या कलासंस्थेच्या प्रदर्शनात ते मांडले गेले तेव्हा त्याच्या शीर्षकातच ‘दुपार’ होती. पाण्यात उभी असलेली गाडी नेमकी कशी बांधलेली असते, हे लंडनमध्ये बसून आठवेना, म्हणून गावाकडील ओळखीच्या तरुण चित्रकाराने केलेले गाडीचे रेखाटन कॉन्स्टेबलच्या धाकट्या भावाने, एब्रमने, त्याला पाठवून दिले. जागेवरच सारे पूर्ण करणाऱ्याला अशा टपालाची गरज पडली नसती.

त्याची पद्धत साधारण अशी होती: गावाकडे लहान वह्यांत पेन्सिलीची रेखाटने आणि कागदावर छोटे तैलरंगी अभ्यास करायचे, ते लंडनला आणायचे, आणि त्यांवरून मोठी रचना जुळवायची. 1819 च्या ‘द व्हाइट हॉर्स’पासून त्याने सहा फुटी चित्रांची मालिका सुरू केली आणि तिच्यासाठी एक खर्चिक पायरी मध्ये घातली. अंतिम चित्राच्याच मापाचा कॅनव्हास घेऊन त्यावर तो आधी पूर्ण आकाराचा तैलरंगी आराखडा रंगवी आणि नंतरच प्रदर्शनाच्या कॅनव्हासला हात घाली. ‘द हे वेन’ आणि 1825 चे ‘द लीपिंग हॉर्स’ यांचे असे आराखडे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मला स्वतःला ते पूर्ण चित्रांपेक्षा अधिक आवडतात, कारण त्यांत रंग लावण्याच्या सुरीचे फटकारे अद्याप कोणी नीटनेटके केलेले नाहीत.

तरीही आपल्या ज्येष्ठ सदस्यांच्या म्हणण्याला थोडा आधार आहे. फ्लॅटफर्डच्या गिरणीजवळ होडी बांधली जात असतानाचे एक चित्र 1815 मध्ये प्रदर्शित झाले. ते आपण संपूर्णपणे उघड्यावर पूर्ण केले, असे कॉन्स्टेबलने आपला मित्र आणि पुढे चरित्रकार झालेला लेस्ली याला सांगितले होते. मात्र ते चित्र जेमतेम दोन फूट रुंदीचे आहे. 1816 मध्ये मारिया बिकनेलशी विवाह झाल्यावर तो लंडनमध्ये स्थिरावला, आणि त्याची कीर्ती ज्यांवर उभी आहे ती बहुतेक मोठी चित्रे त्यानंतरची, म्हणजे गावापासून दूर राहून केलेली आहेत.

मृगनक्षत्र

आकाशाच्या अभ्यासांबद्दल थोडे लिहितो, कारण चित्रकलेपेक्षा हवामान हा माझ्या आवडीचा विषय आहे.

मारियाच्या प्रकृतीसाठी कॉन्स्टेबल 1819 पासून लंडनजवळच्या हॅम्पस्टेडच्या टेकडीवर घर भाड्याने घेऊ लागला, आणि 1821 व 1822 या दोन वर्षांत तेथे त्याने ढगांचे अभ्यास केले. ऑक्टोबर 1822 च्या एका पत्रात आकाशाचे सुमारे 50 अभ्यास झाल्याचे तो कळवतो. यांतील अनेक कागदांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि पुढे हवा कशी झाली, हे लिहिलेले आहे. 11 सप्टेंबर 1821 च्या अभ्यासामागे सकाळी 10 ते 11 ही वेळ, रुपेरी करडे ढग, उकाडा, नैर्ऋत्येकडचा हलका वारा आणि त्या रात्री पडलेला पाऊस, एवढी नोंद आहे. रात्रीचा पाऊस सकाळी ठाऊक असणे शक्य नव्हते. म्हणजे ढग रंगवून झाल्यावर त्यांचे पुढे काय झाले, याकडेही त्याचे लक्ष होते.

त्याच सुमारास ल्यूक हॉवर्डने 1802 मध्ये मांडलेली ढगांची वर्गवारी इंग्लंडमध्ये रुजत होती. टॉमस फॉर्स्टरचा त्या विषयावरील ग्रंथ कॉन्स्टेबलच्या संग्रही होता, आणि त्याच्या एका अभ्यासामागे ‘सिरस’ असे ढगाचे नावही आढळते. पण केवळ पुस्तक वाचून हे झाले नसावे. वडील धान्याचे व्यापारी आणि गिरणीमालक होते आणि चित्रकार होण्यापूर्वी तो त्यांच्या पवनचक्कीवर काम करीत असे. वारा कोठून उठेल हे ज्याला पाती फिरवण्याआधीच ओळखावे लागते, त्याला आकाश वाचण्याची सवय असतेच.

आपल्याकडे रामटेकचे नाव निघाले की मेघ दूत होऊनच येतो; कॉन्स्टेबलचा मेघ कोणाचाही निरोप नेत नाही. तरी आकाश हे निसर्गचित्रात भाव व्यक्त करणारे मुख्य साधन आहे, असे त्याने 1821 मध्ये आपला मित्र जॉन फिशर याला लिहिले होते.

महालवासी

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, परंतु कॉन्स्टेबलला हवामानखात्याचा नोंदकारकून ठरवण्याआधी 1831 चे ‘सॅलिसबरी कॅथेड्रल फ्रॉम द मेडोज’ पाहावे. नोव्हेंबर 1828 मध्ये मारिया क्षयाने गेली आणि सात मुले मागे राहिली. पुढच्याच वर्षी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्याला रॉयल अकादमीचे पूर्ण सदस्यत्व मिळाले. त्याच्यापेक्षा जेमतेम वर्षाने मोठ्या असलेल्या टर्नर या इंग्रज निसर्गचित्रकाराला ते 1802 मध्येच मिळालेले होते. या काळातील सॅलिसबरीच्या चित्रात काळ्या आभाळावर इंद्रधनुष्य आहे आणि त्याचे टोक फिशरच्या घरावर उतरते. चित्रातील प्रकाशाची दिशा पाहता तेथे तसे इंद्रधनुष्य दिसूच शकत नाही, असे हवामानशास्त्राच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. दहा वर्षे आकाशाची शिस्त पाळलेल्या माणसाने ती येथे जाणूनबुजून मोडली, असे माझे मत आहे.

मृगनक्षत्र

मोडली हे मान्य. मात्र त्याच चित्रातील ढग पाहिले तर ते वादळी आकाशाला धरूनच आहेत.

अंबाझरीकर

सर्वांचे आभार. आता एक व्यावहारिक प्रश्न उरतो. एवढ्या कमी वेळात तैलरंगात आकाश त्याला कसे साधे? आमच्याकडे मे महिन्यात जलरंगाचा थर कुंचला उचलण्याआधीच वाळतो.

रंगपेटी

कागद लहान असे आणि त्यावर आधीच रंगाचा थर दिलेला असे. बऱ्याच अभ्यासांत तो थर तांबूस किंवा गुलाबीसर आहे आणि तो ठिकठिकाणी मुद्दाम उघडा ठेवलेला दिसतो, त्यामुळे ढगाखालची ऊब निराळी रंगवावी लागत नाही. हा कागद तो रंगपेटीच्या झाकणात टाचण्यांनी लावी. कित्येक अभ्यासांच्या कोपऱ्यांत ती छिद्रे आजही दिसतात. तैलरंग ओला राहत असल्याने करड्यात पांढरा तिथल्या तिथे मिसळता येतो, आणि ढगाच्या कडा मऊ ठेवण्यासाठी नेमके तेच हवे असते. मे महिन्यातील नागपुरी दुपारी जलरंगात हे जमणार नाही. तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस येण्यापूर्वीचे ढग दाटू लागतील तेव्हा, तैलरंगाचे चार छोटे कागद घेऊन सेमिनरी हिल्सवर बसावे, मागे वेळ आणि वारा लिहावा, आणि मोठे चित्र निःशंकपणे घरी करावे. आपल्या ज्येष्ठ सदस्यांना होडीच्या चित्राचा दाखला मात्र अवश्य द्यावा. तेवढा त्यांचा हक्क आहे.