वल्हांडण : वल्ह्याचा काय संबंध?

कानामात्रा
लहान मुलांसाठी एक पुस्तिका मराठीत आणायचं काम घेतलंय. विषय आहे बायबलच्या काळातली घरं, जेवणखाण, सणवार. बायबलमधल्या ‘निर्गम’ पुस्तकाच्या १२ व्या अध्यायाशी अडकलेय. मिसरातून (म्हणजे इजिप्तमधून) निघायच्या रात्री इस्राएली लोक कोकरू मारतात, एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीने त्याचं रक्त दाराच्या बाह्यांना नि कपाळपट्टीला लावतात, कमरा बांधून, पायात जोडे घालून घाईघाईने जेवतात. रक्त दिसेल ते घर सोडून मृत्यू पुढे जातो. या सणाला मी मराठी बायबलमधला ‘वल्हांडण’ हाच शब्द ठेवला. काल कच्ची चित्रं आली. त्या पानावर होडी! दोन दाढीवाले जिवाच्या आकांताने वल्ही मारतायत. चित्रकाराला फोन केला तर म्हणतो, “वल्ह्याचाच सण ना तो? पुढे समुद्र येतो की.” संपादक म्हणतात, शब्दच उडवा, पासओव्हर लिहा. माझं मन होत नाहीये. वल्हांडण, ओलांडण, हिब्रूतलं पेसाह, इंग्रजीतलं पासओव्हर यातलं काय ठेवू? शुक्रवारी फाइल द्यायचीय.

उपप्रश्न: १२:२२ मध्ये जुडी ज्या रक्तात बुडवायची ते ‘भांड्यातलं’ की ‘उंबरठ्यावरचं’? ज्या पुस्तिकेवरून भाषांतर करतेय तिच्यात उंबरठा आहे, आमच्या घरच्या मराठी बायबलात भांडं.

ऱ्हस्वदीर्घ
वल्ह्याचा काडीचा संबंध नाही. ओलांडणे → वलांडणे → वल्हांडण. ओळख-वोळख, ओढणे-वोढणे अशा जोड्या जुन्या मराठीत ढिगाने सापडतात. आणि समुद्र ते कोरड्या पायांनी पार झाले, त्यातच तर सगळी गंमत आहे. होडी असती तर चमत्कार कशाला लागला असता?

जुनाबाजार
मग ‘ल्ह’ कुठून आला ते सांगा. आमचे आजोबा सांगायचे की हा शब्द ‘वळणे’वरून. मृत्यू त्या घरांना वळसा घालून गेला, म्हणून वळ्हांडण.

ऱ्हस्वदीर्घ
आजोबांबद्दल आदर ठेवून सांगतो, नाही. ‘उल्लंघन’मधल्या ‘घ’चा हकार सरकत पुढे आला.

जुनाबाजार
हकार सरकला आणि ‘ड’ काय आभाळातून पडला?

वसईची केळी
आमच्याकडे ईस्टर म्हणजे पास्खाचा सण. गोव्यात पास्कांचें फेस्त. पोर्तुगीज पाश्कोआ, त्यामागे ग्रीक पास्खा, त्याच्यामागे हिब्रू पेसाह. म्हणजे किनाऱ्यावर मूळ शब्दच चारशे वर्षं बोलला जातोय, फक्त सण बदललाय. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, प्रवचनात ‘ओलांडण’ ऐकलंय. ‘वल्हांडण’ मी पहिल्यांदा एका प्रॉटेस्टंट मैत्रिणीकडून ऐकला आणि मलाही होडीच दिसली होती. चित्रकाराला फार बोलू नका.

टाकीचा घाव
‘ओलांडण’ नको हो. मराठीत ओलांडणं चांगलं कधी असतं? मर्यादा ओलांडली, पोरीने उंबरठा ओलांडला. लहानपणी झोपलेल्या भावाला ओलांडून गेले तर आत्याने पाठीत धपाटा घालून उलटं ओलांडायला लावलं होतं, नाहीतर म्हणे त्याची वाढ खुंटते. (भाऊ आज सहा फूट आहे. श्रेय आत्याचं.) ज्या घरावर कृपा झाली ते घर ‘ओलांडलं’ म्हटलं की मराठी कानाला वाटतं, देवाने टाळलंच त्यांना.

वसईची केळी
@टाकीचा घाव, आणि नवरी माप ओलांडून घरात येते ते?

टाकीचा घाव
ते लाथाडून येते. :)

काडीपेटी
पण मुळात पेसाहचा अर्थ ‘ओलांडणे’ हे कुणी ठरवलं? इंग्रजीत तो अर्थ बायबलचा भाषांतरकार टिंडेल याने १५३० मध्ये पासओव्हर शब्द घडवून पक्का करून टाकला. त्याआधीचे लोक असे एका सुरात बोलत नाहीत. बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात, म्हणजे सप्ततीत, १२:१३ मध्ये ‘मी तुम्हांला झाकीन, पाखर घालीन’ अशा अर्थाचं क्रियापद आहे आणि दहाच ओळींनी १२:२३ मध्ये ‘बाजूने निघून जाईल’. ओंकेलोसच्या अरामी भाषांतरात ‘दया करीन’. यशया ३१:५ मध्ये पाखरं जशी वर घिरट्या घालतात तसं परमेश्वर यरुशलेमेचं रक्षण करील असं म्हणताना हेच क्रियापद येतं. तिथे ‘ओलांडून’ घातलं तर वाक्याचा विचका होतो.

आणि खरी मजा पुढे. त्याच अक्षरांचा ‘पिसेआख’ म्हणजे लंगडा. योनाथानाचा पोरगा मफीबोशेथ असाच दोन्ही पायांनी अधू होता. कर्मेल डोंगरावर संदेष्टा एलिया लोकांना विचारतो, दोन मतांमध्ये कुठवर लंगडत राहाल, तिथे हेच क्रियापद. अकराव्या शतकातला ज्यू भाष्यकार राशी म्हणतो, पेसाह म्हणजे उडी मारत जाणं, इस्राएली घरावरून टुणकन उडी, पुढे मिसरी घर. आपल्याकडे याला एकच नेमका शब्द आहे: लंगडी.

ऱ्हस्वदीर्घ
देवाला लंगडी खेळायला लावू नका.

काडीपेटी
मी नाही लावत, राशीच म्हणतोय.

पांढरा कांदा
इस्राएलमधल्या अश्दोदहून शालोम. मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. तुम्ही सगळे बायबलातून मराठी शब्द शोधताय, पण ज्या मराठी माणसांच्या घरी हा सण होता त्यांना कुणी विचारलंच नाही!

आमच्या पणजीच्या तोंडी ना पेसाह ना वल्हांडण. कोकणातलं जुनं नाव ‘अनाशी ढाकाचा सण’. अनाशी म्हणजे आंबट पाण्याची बरणी, कालवणाला वापरायचे तसलं काहीतरी. या दिवसांत ती झाकून ठेवायची. बाहेरच्या ज्यू लोकांशी संबंध येण्याआधी आमच्याकडे सणांची नावं अशीच होती: खिरीचा सण, दार बंद करून बसायचा सण (तो योम किपूर, प्रायश्चित्ताचा दिवस), बिरड्याचा सण. पुस्तकं नव्हती, हिब्रू गेलेलं, पण आंबट वर्ज्य हे कुठेतरी टिकून राहिलं होतं. पेसाहला आंबवलेलं वर्ज्य; हिब्रूत त्याला हामेत्झ म्हणतात आणि त्याचं मूळच ‘आंबट’. मला तर या नावापुढे दुसरं कुठलंच भाषांतर खरं वाटत नाही.

कानामात्राताई, चित्रकाराला १८७४ मध्ये पुण्यात छापलेली हागादा (पेसाहच्या रात्री वाचायची पोथी) दाखवा. हिब्रू-मराठी आहे. तिच्यात साड्या नेसलेल्या बायका बसून मत्सा, म्हणजे बेखमीर भाकरी, करतायत.

काडीपेटी
ढाकणे! झाकणे! सप्ततीतही ‘झाकीन’! अहो, हा योगायोग असेल का?

पांढरा कांदा
असेल. सप्ततीत घर झाकतात, आमच्याकडे बरणी.

जुनाबाजार
हामेत्झ आणि आपलं खमीर एकच की. ‘बेखमीर भाकर’मधलं.

काडीपेटी
नाही. खमीर फारसीतून आलं, मूळ अरबी. हामेत्झचं अरबी भावंड ‘हामिद’, म्हणजे आंबट. दोन वेगळी घराणी आहेत, शेजारी राहतात इतकंच.

ऱ्हस्वदीर्घ
यावरूनच बोलतो. बायबलच्या मराठीत ‘बेखमीर’सारखे फारसी शब्द कशाला? ‘अनाम्ल’ किंवा ‘अनांबट’ करता आलं असतं.

टाकीचा घाव
अनांबट भाकर कोण खाईल? आंबोळीचं पीठ आंबवलं नसेल तर आमच्याकडे त्याला सरळ ‘न आंबवलेलं’ म्हणतात.

वसईची केळी
शुद्ध मराठीवाल्यांसाठी माहिती: मुंबईतल्या सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराला, बेने इस्राएल लोक मशीद म्हणत आलेत. तिथलं शार हारहामीम सिनेगॉग १७९६ चं आहे. तिथेही ‘उपासनामंदिर’ लिहायचं का?

पांढरा कांदा
आमची आजी शेवटपर्यंत “मशिदीत जाऊन येते” म्हणायची. इथे आल्यावर शेजारी दचकायचे.

कानामात्रा
खूप शिकतेय, पण शुक्रवार परवावर आलाय. उंबरठा की भांडं तेवढं तरी?

काडीपेटी
दोन्ही. हिब्रू शब्द आहे ‘सफ’, त्याचे दोन्ही अर्थ होतात. रब्बी इश्माएल म्हणाले उंबरठा, रब्बी अकिवा म्हणाले भांडं. लॅटिन बायबलात, म्हणजे वल्गातात, उंबरठा, सप्ततीत ‘दाराशी’. उंबरठा धरला तर चित्र निराळंच होतं: कोकरू दारातच कापलं, रक्त उंबरठ्याच्या खोलगटात साठलं, तिथूनच वर चौकटीला लावलं. म्हणजे चारही बाजूंनी चौकट रंगली. १८९६ मध्ये एका अमेरिकनाने यावर अख्खं पुस्तक लिहिलं: देव घर ओलांडून पुढे गेला नाही, पाहुण्यासारखा उंबरठा ओलांडून आत आला. सगळं पटत नाही, पण टाकीचा घाव यांच्या आक्षेपाला उत्तर आहे.

टाकीचा घाव
अरेच्चा. म्हणजे माप ओलांडणंच झालं की हे.

जुनाबाजार
उंबरठ्यावर बसू नये, शिंकू नये, उंबरठ्याच्या आतबाहेर उभं राहून देणंघेणं करू नये. आमच्या आजोबांनी हे सगळं...

काडीपेटी
आजोबांना १ शमुवेल ५ मध्ये साथीदार सापडतील. दागोन देवाची मूर्ती उंबरठ्यावर पडून फुटली, तेव्हापासून त्याचे पुजारी अश्दोदातल्या त्या देवळाच्या उंबरठ्यावर पाय देत नसत. आणि सफन्या १:९ मध्ये उंबरठ्यावरून उड्या मारणाऱ्यांना शिक्षा करीन असं आहे. तिथे उडीचं क्रियापद मात्र वेगळं.

पांढरा कांदा
आमच्या अश्दोदात? आमच्या फ्लॅटला उंबरठाच नाही. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, रांगोळी कुठे काढू.

ऱ्हस्वदीर्घ
विषय भरकटला. कानामात्रा, ‘वल्हांडण’च ठेवा. नवीन पिढीला शब्द कळत नाही म्हणून शब्द मारायचा नसतो, टीप द्यायची असते.

वसईची केळी
मुलांच्या पुस्तकात टीप कोण वाचतं? ‘पेसाह’ लिहा, ज्यांचा सण त्यांचा शब्द.

पांढरा कांदा
ज्यांचा सण त्यांचा शब्द ‘अनाशी ढाकाचा’. वर सांगितलं ना!

कानामात्रा
फाइल दिली. ‘वल्हांडण’ ठेवलंय, कंसात पेसाह. भांड्याचा उंबरठा केला. होडी काढून टाकली, तर चित्रकाराने आता दाराची चौकट काढलीय आणि कपाळपट्टीवर गणपती. परत पाठवलंय.

टाकीचा घाव
@पांढरा कांदा, ते बिरड्याच्या सणाचं राहिलं. बिरडं का?

पांढरा कांदा
यरुशलेमेचं मंदिर पडलं त्या दिवसाचा, आव महिन्याच्या नवमीचा उपास. तो सोडताना भात आणि मोडाच्या वालाचं बिरडं. दुःखाच्या जेवणात ज्यू लोकांकडे मसुरीसारखी गोल कडधान्यं असतात, तशातलंच असेल.

जुनाबाजार
कडवे वाल की गोडे?

पांढरा कांदा
कडवेच. अलिबागला गोड्या वालाचं बिरडं कोण करतं?

वसईची केळी
आम्ही करतो.